फुलीची घरं

टक्.

छबूनं बटण दाबलं आणि आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पत्र्याखाली टांगलेला पंखा होता तसाच राहिला. तिनं बटण वर केलं, परत खाली दाबलं. टक्. भर दुपारी त्या घरात इतकं सामसूम होतं की तो एवढासा आवाजही भिंतीला लागून परत आल्यासारखा वाटला.

"बघा," ती म्हणाली. "परत म्हनाल, बाई खोटं बोलती."

"तुला खोटं कोण म्हणतंय गं," गर्जेमामा म्हणाले. "मॅडम मुद्दाम तुझा अर्ज वाचून आल्यात. या अवघडलेल्या अंगानं."

गर्जेमामा आमचे लाईनमन. तीस वर्षं याच बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात काढलेली, निवृत्तीला दोन उरलेली. आपल्या दावणीचं जनावर ओळखावं तसा त्यांना एकेक खांब ओळखू यायचा. मी वयानं त्यांच्या धाकट्या मुलीएवढी, पण हुद्द्यानं मॅडम. तालुक्याच्या वीज कार्यालयात माझ्याकडे नियोजनाचं काम होतं. कुठल्या गावाला कुठून लाईन न्यायची, खांब किती, ट्रान्सफॉर्मर कुठं, हे सगळं आधी माझ्या कागदावर उभं राहायचं आणि मग रानात. मला सातवा महिना होता. छबूनं शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणून मला बसवलं होतं, आणि स्वतः बोर्डाखाली उभी होती.

भिंतीशी घडी केलेल्या गोधडीवर तिची पोरगी बसली होती. सोनाली. पाच वर्षांची. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर काढून. तिच्या प्रत्येक श्वासामागे बारीकशी शिट्टी वाजत होती. समोर एक पांढरं यंत्र, त्याला नळी, नळीला तोंडावर लावायचा प्लास्टिकचा वाटीसारखा तुकडा. यंत्राची वायर बोर्डात खोचलेली.

"दवाखान्यातनं दिलंय," छबू म्हणाली. "डॉक्टर म्हनले, दम लागला की वाफ द्यायची. आता तुमीच सांगा. दम लागला की द्यायची, का लाईट आला की द्यायची?"

उत्तर मला माहीत होतं. पळसमाळाला, म्हणजे छबूच्या या वस्तीला, त्या आठवड्यात वीज रात्री दहाला येणार होती आणि सकाळी सहाला जाणार होती. वेळापत्रक आमच्याच फळ्यावर लावलेलं होतं.

झालं होतं असं. मार्चमध्ये आम्ही खालच्या कोळदरा गावाच्या लाईनीच्या दोन लाईनी केल्या होत्या. त्याआधी गाव आणि शिवार एकाच लाईनवर असायचं. येईल तेव्हा सगळ्यांना, जाईल तेव्हा सगळ्यांची. आता गावठाणाला वेगळी लाईन, तिच्यावर चोवीस तास वीज. शेतपंपांना वेगळी, तिच्यावर दिवसाचे आठच तास, आणि तेही काही दिवस रात्रीचे. गावात पेढे वाटले गेले. शिवारातल्या वाड्यावस्त्यांना गावठाणाच्या लाईनीवर ओढून घ्यायचं, असं ठरलेलं होतं, आणि मी एकेक वस्ती धरून ते केलंही होतं. माझा पहिलाच स्वतंत्र आराखडा. पळसमाळ तेवढा पंपांच्या लाईनीवर राहिला होता.

"कसा काय राहिला?" मी गर्जेमामांना येताना जीपमध्येच विचारलं होतं. त्यांनी बाहेर बघत "बघू तिथं गेल्यावर" म्हटलं होतं.

मी पिशवीतून सर्वेक्षणाची जुनी वही काढली. पळसमाळाचं पान सापडलं. चौदा चौकोन काढलेले, आणि प्रत्येक चौकोनावर तांबड्या शाईची फुली. खाली माझ्याच अक्षरात: घरे चौदा. सर्व बंद. वापर नाही. भार शून्य.

तारीख आदल्या वर्षीच्या जानेवारीची होती.

"जानेवारी?" छबू वहीत डोकावली. तिला वाचता येत होतं. "जानेवारीत आमी कसं असू हितं? आमी फडावर. समदी वस्ती उसाला जाती, दिवाळी झाली की. गुडीपाडव्याला माघारी." मग ती थांबली. माझ्याकडे आणि फुल्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "म्हंजे कुलपं बघून गेलात व्हय तुमी?"

"वर चढलोच नव्हतो आम्ही," गर्जेमामा खाली बघत म्हणाले. "मीच म्हणलो मॅडमला, ऊन लई झालंय, खालूनच दिसतंय, समदं बंद हाय. माझी सख्खी बहीण जाती गं तोडीला. तरी डोक्यात आलं न्हाई."

"कुलूप लावलं म्हंजे मानूस मेलं न्हाई, मामा."

ती हे ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवायला खाली बसली. शिट्टी वाढली होती. छबूनं कान लावून ऐकलं, यंत्राची वायर बोर्डातून उपसली, यंत्र पदराच्या ओच्यात टाकलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

"कुठं निघालीस?"

"हिरीवर. दुसरं कुठं?"

*

विहीर म्हणजे गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर. माळाच्या पलीकडच्या उतारावर, पळसाच्या झाडांमधून गेलेल्या पायवाटेनं खाली. छबू पुढं, पोरगी तिच्या खांद्यावर मान टाकून. मागं मी, एक हात कमरेवर. आणि माझ्यामागं गर्जेमामा "सावकाश मॅडम, गोटे हायेत" असं दर दहा पावलांना म्हणत.

पंपघराला दार नव्हतंच. आत भिंतीवर एक बोर्ड, त्यात तीन पिनांचं एक भोक. छबूनं वायर खोचली, बटण दाबलं आणि यंत्र घुरघुरायला लागलं. पोरीच्या तोंडावरून धुकं निघालं. ती डोळे मिटून ते ओढत राहिली. पाचेक मिनिटांनी खांदे थोडे खाली आले.

"दिवसातनं दोन बारी येती मी," छबू म्हणाली. "पंपवाला चांगला हाय. काय म्हनत न्हाई. पन रातच्याला कसं यावं? जनावरं हायेत, इच्चूकाटा हाय."

माझं लक्ष बोर्डाकडे होतं. "मामा, इथं वीज कशी? आज तर शेतीची बंद आहे."

"ही शेतीची न्हाई. पाणीपुरवठ्याला गावठाणाची लाईन. चोवीस तास."

मी मागं वळून ज्या पायवाटेनं आलो तिच्याकडे पाहिलं. माझ्या आराखड्यात पळसमाळ एका शीटवर होता आणि ही विहीर दुसऱ्या. दोन्ही शीट मी कधी शेजारी ठेवलेच नव्हते. गावातून पळसमाळाला लाईन न्यायची तर सव्वीस खांब लागणार होते. कुणीच मंजूर केले नसते. आणि ही बाई रोज दोनदा, यंत्र ओच्यात घेऊन, लाईन कुठून यावी ते चालून दाखवत होती.

"इथून वर वस्तीपर्यंत किती गाळे होतील?" दोन खांबांमधल्या अंतराला आमच्याकडे गाळा म्हणतात.

गर्जेमामांचे डोळे चमकले. "मोजू की. माझी सत्तर पावलं म्हंजे एक गाळा. तीस वर्षांत फरक न्हाई."

ते उताराला लागले. मोठ्यानं मोजत, वाटेतल्या काट्याकुट्यांना शिव्या घालत. सत्तर झाले की थांबायचे. "हितं दगड मांडा कुणीतरी."

सोनाली आईच्या कडेवरून उतरली. तिनं एक दगड उचलला, त्यांच्या पायाशी नेऊन ठेवला आणि म्हणाली, "येक."

"अगं दम लागंल," छबू ओरडली.

"हळूच चालती की."

मग ते तसंच चाललं. मामा सत्तर पावलं टाकायचे, पोरगी मागून रमतगमत येऊन दगड ठेवायची आणि आकडा सांगायची. चौथ्या दगडाशी ती माझ्यासाठी थांबली.

"तुमच्या पोटात बाळ हाय?"

"हो."

"ते आत श्वास कसा घेतंय?"

"त्याला अजून घ्यावा लागत नाही. माझ्यातलाच मिळतो त्याला."

तिनं यावर बराच विचार केला. "बरंय त्याचं," म्हणाली आणि पाचवा दगड शोधायला गेली.

वस्तीच्या पहिल्या घराशी पोचेपर्यंत दगड झाले अकरा. अकरा खांब. मी वहीत तिथल्या तिथं नवी रेघ काढली.

छबूनं तांब्याभर पाणी दिलं. मग चुलीसमोर बसून, माझ्याकडे न बघता, तिनं खरं काय ते सांगितलं.

"औंदा हिला फडावर न्यायची न्हाई, असं ठरवलंय मी. मागल्या साली उसाचं पाचट पेटवलं की ही नुसती निळी पडायची. माझी आई म्हनती, मी येऊन ऱ्हाते तुझ्या घरी, पोरीला साळंत घाल. पन लाईट नसंल तर ती म्हातारी तरी काय करंल? राती दम लागला तर कुनाच्या दारात जाईल? समदी वस्ती बंद." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "दिवाळीला गाड्या भरत्यात आमच्या. त्याच्या आत व्हईल का, बाई?"

मॅडम नव्हे, बाई म्हणाली ती.

"होईल," मी म्हणाले.

"असं लगीच म्हनू नका. सायबलोक लगीच म्हनत्यात."

"अकराच खांब आहेत, छबू. होईल."

*

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. टाईप न करता, हातानं. नियोजनातल्या कामाला नंतर पुस्ती जोडायची असेल तर दोन रस्ते होते. एक, 'नवीन मागणी' म्हणून लिहायचं. मग ते पुढच्या आराखड्यात जातं आणि दोन-तीन वर्षं तिथंच राहतं. दुसरा, 'सर्वेक्षणातील चूक' म्हणून लिहायचं. मग त्याच कामात दुरुस्ती होते, ताबडतोब, पण चूक कुणाची ते नावानिशी लिहावं लागतं. मी दुसरं लिहिलं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरे मी प्रत्यक्ष न जाता रिकामी धरली. नाव, हुद्दा, सही. दोन्ही शीट जोडून अकरा खांबांचा नकाशा मागं लावला.

आमच्या बोर्डेसाहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "वृषाली, असं पत्र मी वीस वर्षांत पाहिलं नाही," म्हणाले. ते पत्र पुढं गेलं तेव्हा वरच्या कार्यालयातही त्याची चर्चा झाली. मेमो येईल असं मला वाटलं होतं. आलं ते उलटंच. मोठ्या साहेबांनी बैठकीत माझं उदाहरण दिलं म्हणे. ऊसतोडीच्या गावांचं सर्वेक्षण पाडव्यानंतरच करायचं, असं परिपत्रक निघालं. आजही ते लागू आहे. नव्या मुली कामावर रुजू होतात तेव्हा कुणीतरी त्यांना सांगतं की हे या मॅडममुळे झालं.

जूनच्या बैठकीत अकरा खांब मंजूर झाले. तोवर पाऊस सुरू झाला होता. खाली विहिरीकडची जमीन काळी. पावसाळ्यात खड्डा खणला की तासाभरात पाण्यानं भरतो, खांब उभा राहत नाही. ठेकेदार म्हणाला, नवरात्र झाल्यावर. आषाढात जुई झाली. मी माहेरी अंबाजोगाईला बाळंतपणाच्या रजेवर होते. तिला मांडीवर घेऊन मी दर आठवड्याला गर्जेमामांना फोन करायचे. पाऊस उघडला का? खांब आले का? तारा आल्या का?

दिवाळी होऊन गेली आणि एका दुपारी त्यांचाच फोन आला. जुई नुकती झोपली होती म्हणून मी ओसरीत जाऊन बोलले.

"मॅडम, चालू केली लाईन. आत्ताच. अकराही खांब त्या पोरीच्या दगडांवरच रोवलेत, एक इंच इकडं तिकडं न्हाई."

"आणि दिवे? घराघरांत बघितलेत?"

पलीकडून ते नुसतेच खाकरले.

"मामा?"

"बघायला एक घर उघडं न्हाई, मॅडम. गाड्या गेल्या. नऊ दिवस झाले."

"आणि सोनाली? छबूची आई येणार होती ना?"

"आली होती म्हातारी. चार दिवस राहिली. लाईटची वाट बघितली. मग पोरीला एकदा रात्री जोराचा दम लागला. छबू म्हणली, हितं मरण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर असू दे. घेऊन गेली." त्यांनी नाक ओढलं. "पण एक सांगू का? जाताना ओट्यावरच्या दिव्याचं बटण खाली करून गेली ती. लाईन चालू केल्याबरोबर लागला. भर दुपारचा जळतोय. बंद करावा म्हणलं, तर बटण घराच्या आत, आणि दाराला कुलूप."

*

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पत्रावर तारीख नव्हती. म्हणजे लिहिलं त्या संध्याकाळी नव्हती, नंतर घातली.

बोर्डेसाहेब चष्मा काढून तसं म्हणाले होते ते खरं. पण त्यानंतर ते असंही म्हणाले होते, "हे आत्ता देऊ नकोस. तुझा नोकरीत कायम होण्याचा कागद वर पडलाय. त्याच टेबलावर हे गेलं तर तो अडकेल. पंधरा दिवस थांब. पोरी, तू आता एकटी नाहीस." ते बापासारखं बोलले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. रोज किल्ली फिरवायचे, बघायचे, परत लावायचे. सतराव्या दिवशी कायम झाल्याचा आदेश आला. त्या दिवशी मी तारीख घातली आणि पत्र दिलं. पण मंजुरीची बैठक महिन्यातून एकदाच होते आणि मे महिन्याची आदल्या आठवड्यातच होऊन गेली होती. मे महिन्यात जमीन कोरडी होती. अकरा खांबांना चार दिवस पुरले असते.

परिपत्रकात यातलं काही नाही.

पुढच्या पाडव्याला वस्ती माघारी आली. छबूचं घर नाही. गर्जेमामांनी चौकशी केली तेव्हा एकानं सांगितलं, नवरा-बायको तिकडंच कर्नाटकात कारखान्यावर कायमचे राहिले, पोरगी तिथल्या शाळेत जाते. दुसरा म्हणाला, पोरगी फडावरच दम लागून गेली, म्हणून घराकडं तोंड करवत नाही त्यांना. कुठलं खरं ते मामांना कळलं नाही. नंतर ते निवृत्त झाले आणि माझी बदली झाली.

जुई येत्या आषाढात सहा वर्षांची होईल. परवा दुपारी आमच्याकडची वीज गेली. मी कपाट आवरत होते आणि ती कंटाळून पंख्याच्या बटणाशी खेळत होती. टक्. टक्. मी तिच्यावर उगाचच ओरडले. मग ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि कपाटातून निघालेली जुनी वही चाळायला लागली.

"आई, या घरांवर फुल्या का मारल्यात?"

"ती बंद होती म्हणून."

"कोण राहायचं त्यांच्यात?"

मी तिला सांगितलं. वाफेचं यंत्र, विहीर, सत्तर पावलांचा एक गाळा. अकरा दगड सांगितले तेव्हा ती खूश झाली. "आणि तिनं विचारलं होतं की तू माझ्या पोटात श्वास कसा घेतेस," हेही सांगितलं. "मग? मग?" म्हणत ती मांडीवर चढली. उरलेलं मी थोडं थोडं गाळत सांगितलं. दिवाळी झाली, गाड्या गेल्या, नऊ दिवसांनी लाईन चालू झाली, आणि कुणी नसताना ओट्यावरचा दिवा लागला. ड्रॉवर मी सांगितला नाही.

ती फुल्यांवरून एकेक बोट फिरवत होती. तिची टाळू माझ्या हनुवटीला लागली होती. खाली तिचा श्वास, मोकळा, काहीही आवाज न करता, चालला होता.

"आई," तिनं मान वर केली. "मग तू ती लाईन नऊ दिवस आधीच का नाही चालू केलीस?"